साधं की पावर?

(बी. ए. भाग २)

आपल्याकडे विकत मिळणाऱ्या बहुतेक वस्तूंच्या दोन जाती असतात : एक साधी आणि दुसरी स्पेशल. चहा साधा आणि स्पेशल. थाळी साधी आणि स्पेशल. एस. टी. सुद्धा साधी आणि निमआराम. गंमत अशी की, 'स्पेशल' म्हणताना माणसाचा आवाज चढतो आणि 'साधा' म्हणताना तो आपोआप खाली येतो. जणू साधे मागणे म्हणजे चारचौघांत आपल्या खिशाची झडती देणे! वस्तू दुकानदाराची असते, पण लाज किंवा ऐट मात्र आपली असते.

मित्रमैत्रिणींनो, या विषयावर बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे. सकाळी मी आपल्या महाविद्यालयात मराठी, इतिहास आणि अर्थशास्त्र शिकते आणि दुपारी तीन ते रात्री आठ पांढरकवड्याजवळ महामार्गावरच्या एका पेट्रोल पंपावर उभी असते. हा रस्ता श्रीनगरहून निघून कन्याकुमारीला जातो. पूर्वी त्याचा क्रमांक सात होता, आता चव्वेचाळीस आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरी तीन एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तूर. तेव्हा फी आणि पुस्तके यांची सोय मीच करावी असे ठरले. मुलीने पंपावर काम करावे की नाही, यावर घरात फार चर्चा झाली नाही. बाबा पहिले दोन दिवस समोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले, माझ्याकडे पाहत राहिले आणि तिसऱ्या दिवशी आले नाहीत. तीच त्यांची परवानगी.

पंपावर दिवसभर मला दोनच वाक्ये बोलावी लागतात. पहिले, "झिरो पाहून घ्या." दुसरे, "साधं की पावर?" वास्तविक 'पावर' हे एका कंपनीच्या पेट्रोलचे नाव, पण आमच्याकडे कोणत्याही कंपनीचे महागडे पेट्रोल म्हणजे पावरच, जसे कोणतेही वनस्पती तूप म्हणजे डालडा. या दुसऱ्या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांवर मी एक प्रबंध लिहू शकेन.

शेतकरी बहुधा उत्तरच देत नाहीत. "शंभराचं टाक वो," एवढेच म्हणतात. ते लिटर विकत घेत नाहीत, शंभर रुपये विकत घेतात. भाव वाढला की पेट्रोल कमी येते, शंभर मात्र शंभरच राहतात. नोकरदार मंडळी "साधं" म्हणतात, पण मोबाईलकडे पाहत. एक निवृत्त गुरुजी आहेत. ते महिन्यातून एकदा स्कूटरमध्ये पावर टाकतात. का, म्हणून विचारले तर म्हणाले, "लहानपणी आम्हांला महिन्यातून एकदा एरंडेल देत. तसंच हे. पोट साफ राहते." काही जण अर्धे साधे आणि अर्धे पावर घेतात, म्हणजे खिसाही दुखावला जात नाही आणि मनही. आणि संध्याकाळी येतात ती स्पोर्ट्स बाईकवाली पोरे. टाकीवर वाघाचे नाहीतर विजेचे चित्र, मागची सीट आकाशाकडे आणि पुढचा माणूस पोटावर झोपल्यासारखा. ती गाडी बंद करण्याच्या आधीच ओरडतात, "पावर!" त्यांचे सांगणे मला कमी आणि शेजारच्या रांगेला जास्त असते.

सुरुवातीला मलाही वाटे की, पावर म्हणजे खरोखरच ताकद असणार. नावच तसे आहे. माझ्या डोक्यातला हा समज निघाला तो एका लाल गाडीमुळे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. हैदराबादकडून एक बसकी, दोन दारांची, लाल रंगाची परदेशी गाडी आली. अशी गाडी पाहायला टपरीवरचे लोकसुद्धा उठून आले. नेमके त्या दिवशी आमच्याकडचे प्रीमियम पेट्रोल संपले होते, टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. गाडीचे मालक चिंतेत पडले. एवढी किमती गाडी, तिच्यात साधे पेट्रोल कसे टाकायचे? तेव्हा आमचे मॅनेजरकाका पुढे आले. त्यांनी ना गाडीच्या रंगाकडे पाहिले, ना मालकाच्या कपड्यांकडे. टाकीचे बाहेरचे झाकण उघडायला लावले आणि आतली चिठ्ठी वाचली. त्यावर '९५' असा आकडा होता. काका म्हणाले, "साहेब, हिला पंच्याण्णवच पाहिजे. पण नागपूर दीडशे किलोमीटर हाये. तेवढ्यापुरतं साधं घ्या, हळू चालवा, जोरात पळवू नका, आणि पुढं चांगलं भरून घ्या." मालकांनी दहाच लिटर घेतले आणि खरोखर बैलगाडी हाकावी तसे हळूच निघून गेले. माझ्या मनात प्रश्न राहिला : काकांनी गाडी सोडून झाकण का पाहिले?

त्याचे उत्तर मला तुकड्यातुकड्यांनी मिळाले. थोडे काकांकडून, थोडे आपल्या ग्रंथालयातून आणि बरेचसे विज्ञान शाखेच्या सरांकडून. कला शाखेची मुलगी रसायनशास्त्राचे पुस्तक मागते आहे, याचे त्यांना आश्चर्य वाटले; पण त्यांनी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितले. ते मी माझ्या भाषेत सांगते.

इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण शिरते. दट्ट्या वर येऊन ते मिश्रण दाबतो. दाबले की ते तापते. सायकलचा पंप मारताना खालचे टोक गरम लागते, तसेच. मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पसरत जाते. हे सगळे वेळेवर झाले तर दट्ट्याला नीट धक्का बसतो. पण पेट्रोल उतावळे असेल तर ज्वाला पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपले आपणच पेटते. मग इंजिनातून खट्खट् असा आवाज येतो, ताकद वाया जाते आणि हे फार दिवस चालले तर दट्ट्याही खराब होतो. याला मेकॅनिक लोक 'नॉकिंग' म्हणतात. चढावर, ओझे घेऊन आणि आपल्या वऱ्हाडातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ही खट्खट् लवकर सुरू होते.

पेट्रोल हा दाब किती सोसते, याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन नावाचा द्रव दाब सोसण्यात पटाईत, म्हणून त्याला शंभर गुण. हेप्टेन अगदी उतावळा, त्याला शून्य. ज्या पेट्रोलचे वागणे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे, त्याचा ऑक्टेन ९१. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, त्यांत साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ आणि प्रीमियमसाठी किमान ९५ असे आकडे होते. म्हणजे ज्याला आपण 'साधं' म्हणून नाक मुरडतो, त्यालाही ९१ गुण! आपल्या वर्गात किती जणांना पडतात, ते मी इथे लिहीत नाही.

तेव्हा ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे सोशिकपणा. ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते, त्याला सोशिक पेट्रोल लागते. ज्यात बेताचेच दाबले जाते, त्याला जास्तीच्या सोशिकपणाचा उपयोग नाही. नव्या मोटारींत खट्खट् ओळखून ठिणगी थोडी उशिरा पाडणारी यंत्रणा असते. म्हणून तर ती लाल गाडी साध्या पेट्रोलवरही नागपूरपर्यंत जाऊ शकली, मात्र आपला वेग आणि ऐट बाजूला ठेवून. उलट, ९१ साठी घडवलेल्या इंजिनात ९५ टाकले तर ते इंजिन काही कृतज्ञतेने जास्त पळत नाही. महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी काही द्रव्ये जास्त असतात, हे खरे. तेव्हा आमच्या गुरुजींचे एरंडेल अगदीच चुकीचे नाही. पण एरंडेल म्हणजे काही बदामाचा शिरा नव्हे.

ताकद आणि ऑक्टेन यांची फारकत समजायला सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे इथेनॉल. ऊस, मका, तांदूळ यांपासून बनणारे हे मद्यार्क. पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण २० टक्के करण्याचे उद्दिष्ट आधी २०३० साठी होते, ते देशाने २०२५ मध्येच गाठले. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आहे. पण एका लिटरमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी! गुण जास्त आणि बळ कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते की, जुन्या धर्तीच्या दुचाकींचे मायलेज २० टक्के मिश्रणाने तीन ते चार टक्क्यांनी घटू शकते. शिवाय इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचाही ऑक्टेन वर सरकतो, त्यामुळे साधे आणि पावर यांतले अंतर आणखी कमी होते. तरी कित्येक जण "इथेनॉल नको म्हणून पावर टाका" असे सांगतात. त्यांना मी हळूच सांगते की, ९५ च्या पेट्रोलमध्येही इथेनॉल असतेच.

इंजिनाची ही खट्खट् थांबवण्यासाठी माणसाने काय काय केले, हे वाचताना मला इतिहासाचा तास आठवला. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले की, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग थोडेसे मिसळले की नॉकिंग थांबते. स्वस्त आणि सोपा उपाय! मग जगभर शिसे घातलेले पेट्रोल जळू लागले आणि ते शिसे धुरातून लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, अंगात जाऊ लागले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला २००० साल उजाडले. जगात ते शेवटी अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाले. शंभर वर्षे! इंजिनाला त्रास होऊ नये म्हणून माणसांनी तो स्वतःच्या रक्तात घेतला. 

असो. पावर मागणाऱ्यांचा आणखी एक वर्ग आहे आणि त्याच्याकडे मी हसून पाहू शकत नाही. हे लोक ऑक्टेनसाठी पैसे देत नाहीत, विश्वासासाठी देतात. "महाग हाये, म्हणजे भेसळ नसन," असा त्यांचा हिशेब. या भीतीला कारण आहे. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात, तो भेसळ ओळखता यावी म्हणूनच. रॉकेलचा ऑक्टेन फार कमी, त्यामुळे ते मिसळले की चांगले इंजिनही खडखडू लागते. याच तेलाच्या काळ्या धंद्याला आडवे गेल्यामुळे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पंपावर नोकरी लागली तेव्हा ही हकीकत मला काकांनी सांगितली आणि मग फिल्टर पेपर हातात दिला. पेट्रोलचा एक थेंब त्यावर टाकायचा. तो उडून गेल्यावर डाग राहिला नाही तर पेट्रोल शुद्ध. गिऱ्हाइकाला ही परीक्षा मागण्याचा हक्क आहे. माप कमी वाटले तर पाच लिटरचे प्रमाणित मापही मागता येते. विश्वास विकत घेण्याऐवजी तपासून घेतला तर तो फुकट मिळतो. पण इतक्या दिवसांत फिल्टर पेपर मागणारे फक्त दोघे आले. मागण्याची आपल्याला सवय नाही. चार पैसे जास्त देऊन गप्प बसण्याची आहे.

आता घरची गोष्ट. माझा मोठा भाऊ बारावीनंतर शिकला नाही. खरे म्हणजे दोघांना एकदम शिकवणे बाबांना जमणार नव्हते आणि गुण मला जास्त होते, म्हणून तो थांबला. तो आता हंगामात एका जिनिंगमध्ये जातो आणि एरवी मिळेल ते काम करतो. दोन वर्षे पैसे साठवून त्याने दोनशे सीसीची एक सेकंडहँड स्पोर्ट्स गाडी घेतली. गावात आली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावले. दादा तिच्यात पावरशिवाय दुसरे काही टाकत नसे.

पंपावर उभे राहून हिशेब करण्याची मला सवय लागली आहे. दादाची गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर चालते, म्हणजे एक लिटर. तेव्हा आमच्याकडे दोन्ही पेट्रोलांत लिटरमागे सात रुपयांचा फरक होता. महिन्याचे दोनशे दहा, वर्षाचे अडीच हजारांवर. २०२५ च्या हंगामात बीटी कपाशीच्या एका पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. म्हणजे आमच्या तीन एकरांवर पेरायच्या बियाण्याचे जवळजवळ सगळे पैसे धुराबरोबर उडत होते. मी हे दादाला सांगितले.

"तुले काय समजते गाडीतलं?" तो म्हणाला.

मी ऑक्टेन सांगू लागले. त्याने थोडा वेळ ऐकले आणि मग खरे कारण सांगितले.

"एवढी गाडी घेतली अन् साधं टाकलं, त लोक काय म्हणतीन?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. रसायनशास्त्राच्या पुस्तकातही नव्हते. कारण ते सात रुपये तो इंजिनासाठी देत नव्हताच. जिनिंगमध्ये त्याला कुणी नावाने हाक मारत नाही. बँकेत त्याला ताटकळत ठेवतात. दिवसभरात एकच जागा अशी होती की, जिथे त्याने एक शब्द उच्चारला की समोरचा माणूस मान हलवून लगेच कामाला लागे. त्या शब्दाची किंमत सात रुपये. ती जास्त आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी स्वतः बी. ए. ला आहे. आमच्या नात्यात कुणी भेटले की विचारतात, "नर्सिंगले नाही गेली? फार्मसी नाही? साधं बी. ए.च?" त्या 'साधं' या शब्दाने मलाही खाली पाहायला लावले आहे. दादाचा आवाज पंपावर का चढतो, हे माझ्याइतके कुणाला कळणार?

पण म्हणून गप्प बसणेही मला पटेना. त्याच्या गाडीच्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुस्तक होते. आधीच्या मालकाने तसेच ठेवलेले, पान न उघडलेले. मी ते मागितले. "इंग्रजीत हाये," दादा म्हणाला. त्या रात्री जेवण झाल्यावर मी शब्दकोश घेऊन अंगणातल्या दिव्याखाली बसले आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागले. आधी सगळे हसले. मग आई भांडी तशीच ठेवून येऊन बसली. इंधनाच्या पानावर स्पष्ट लिहिले होते : शिसेविरहित पेट्रोल, ऑक्टेन ९१ किंवा अधिक.

"म्हणजे कंपनीनंच साधं सांगतलं?" दादाने विचारले.

"व्हय."

तो बराच वेळ बोलला नाही. बाबा बिडी विझवत म्हणाले, "ज्यानं इंजिन केलं, त्याले त्याचं खाणं ठाऊक राहीन नं."

याउपर मला जे सांगायचे आहे ते थोडेच आहे. पावर वाईट आणि साधे चांगले, असे माझे म्हणणे नाही. साधेपणाची ऐट मिरवणारे लोकही मी पंपावर पाहिले आहेत. त्या लाल गाडीला ९५ ची गरज होती आणि ती तिला मिळायलाच हवी. प्रश्न मानाचा नाही, गरजेचा आहे आणि गाडीच्या बाबतीत तो सोडवणे सोपे आहे, कारण तिच्या झाकणात किंवा तिच्या पुस्तकात उत्तर छापलेले असते. फक्त ते वाचणारे कुणीतरी घरात हवे. माणसाबरोबर असे पुस्तक येत नाही. कुणाला नर्सिंग सोसेल, कुणाला बी. ए., कुणाला जिनिंग, हे कुठल्या झाकणात लिहिलेले नसते. ते ज्याचे त्याला चालून पाहावे लागते. पण निदान शेजारच्या रांगेत कोण उभे आहे, हे पाहून ते ठरवू नये, एवढे तरी मी पंपावर शिकले.

दादा आता साधे टाकतो. पोळ्याच्या दिवशी मात्र त्याने पावर टाकले आणि मी काही बोलले नाही, कारण त्या दिवशी आपण बैलांनाही पुरणपोळी घालतोच. वाचलेले पैसे कुठे गेले, ते विचाराल तर घरात जसे जातात तसेच गेले. पण ते इंग्रजी पुस्तक आता सीटखाली नसते. ते माझ्या पुस्तकांच्या फळीवर, अर्थशास्त्राच्या शेजारी असते आणि अधूनमधून रात्री जेवणानंतर दादा ते काढून माझ्यापुढे ठेवतो. "चेनचं पान वाच," म्हणतो. सध्या आम्ही ब्रेकपर्यंत आलो आहोत.